झांकलेलें नांव, उघडा पत्ता

नांव झांकणाऱ्याच्या मनांत कांहीं काळेंबेरें असलेंच पाहिजे, असें आपण सहज म्हणतों. १९४८ पर्यंत निजामी अंमलांत साध्या सभेसही सरकारी परवाना मागावा लागलेल्या आमच्या परभणी जिल्ह्यानें तरी तसें म्हणूं नये.

आजचें उदाहरण घ्या. 'टॉर' नांवाच्या संगणकजाळ्यांत निरोप बहुधा तीन टप्प्यांनीं जातो. पहिल्या टप्प्यास पाठविणारा ठाऊक, शेवटच्यास मुक्काम. दोन्हीं टोकें एकासही ठाऊक नसतात. हे टप्पे हजारों स्वयंसेवक स्वखर्चानें चालवितात. या वाटेनें सज्जनाबरोबर चोरही जातो. म्हणून तक्रार करणारास गांठतां यावें यासाठीं स्वयंसेवकानें जाहीर यादींत आपला पत्ता द्यावा, अशी अपेक्षा असते. पण तो दिला, कीं जाहिरातखोरांचीं यंत्रें तो वेंचून नेतात. तेव्हां कित्येकजण चिन्हांच्या जागीं शब्द घालून तो असा लिहितात, कीं माणसास वाचतां यावा, यंत्रास उमजूं नये.

ही पळवाट आहे काय? मला तसें वाटत नाहीं. उत्तर देण्यास आपण बांधलेले आहों, तें विचारणाऱ्या माणसास. १९४२ सालीं मुंबईंत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवितांना उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जागा वारंवार बदलल्या. पकडल्या गेल्यावर मात्र उषाताईंनीं मौन राखून चार वर्षांची शिक्षा पत्करली. नांव केव्हां झांकावें, हें प्रसंग ठरवील. जाब देण्याच्या वेळीं आपण सांपडलों पाहिजे.