न दिसलेला बिबट्या

मस्तगडच्या आम्हा मंडळींना मुंबईस गेल्यावर बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ओढ असते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे वन उत्तरेस वसईच्या खाडीला भिडते. तेथे बिबटे आहेत. तरी बहुतेक पाहुणे ‘काहीच दिसले नाही’ म्हणत परततात. या तक्रारीत एक हक्क गृहीत धरलेला असतो : सृष्टी आपल्याला दिसण्यासाठीच आहे.

ईयोबाच्या ग्रंथात परमेश्वर हाच समज मोडतो. रानशेळ्यांचे विणे माणसाच्या नजरेआड घडते, तरी ते देवाच्या नजरेत असते.

बिबट्याचे न दिसणे हेच त्याचे व आपले संरक्षण होय. २००४ साली या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक बळी गेले. इतरत्र पकडलेले बिबटे येथे आणून सोडणे हे त्याचे एक कारण असावे, असे अभ्यासकांनी मांडले. वनातल्या पाड्यांवरचे वारली बांधव वाघोबाला पूजत त्याच्या शेजारी राहतात. आपल्या बेपर्वाईची किंमत त्यांनाच मोजावी लागते. आपण टाकलेल्या उष्ट्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. तेव्हा पाहण्याच्या हौसेहून शेजारधर्म मोठा. न दिसणाऱ्यावर प्रेम करावे, हे श्रद्धावंतांना वेगळे का शिकवावे लागते?