समुद्र गाजतो, मासे घाबरत नाहीत



आज वसुबारस, आणि आपल्या क्रमाने आजचा श्लोक आहे गीतेच्या बाराव्या अध्यायातला पंधरावा. भक्ताची लक्षणं चालू आहेत. भगवंत सांगतात, ज्याच्यामुळे लोकांना उद्वेग होत नाही आणि लोकांमुळे ज्याला उद्वेग होत नाही, असा भक्त मला आवडतो.

आपण ऑफिसवाली माणसं यातला दुसरा अर्धा भाग पटकन उचलतो. क्लायंट चिडला, रात्री दोनला सर्व्हर पडला, तरी आपण शांत. छान आहे. पण भगवंतांनी तो भाग नंतर ठेवलाय. आधी काय, तर माझ्यामुळे कोणी दचकत नाही ना. माझी शांती मीच मोजायची म्हटलं तर मी स्वतःला हवे तेवढे मार्क देईन. पहिल्या भागाचे मार्क मात्र समोरच्याच्या हातात आहेत.

आमच्या घरात ते मार्क देणारी गुंडी आहे. चार वर्षांची, करड्या पट्ट्यांची. दिवाळीत पहिला सुतळी बॉम्ब फुटला की ती पोट जमिनीला टेकवून, कान मागे पाडून पळते आणि दिवाणाखाली सुटकेसच्या मागे जाऊन बसते. सहा-सात तास. तिथे पाणी नाही, खाणं नाही, शू-शीसुद्धा नाही. डोळ्यांची बुबुळं इतकी मोठी होतात की मूळचा रंगच दिसत नाही. आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला ६० हजारांच्याही पुढचं. उंदराची बारीक चूंचूं टिपायला देवाने दिलेले कान आहेत ते. आणि आपल्याकडचा नियमच मुळात असा, की फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपर्यंतचा आवाज चालतो. शिवाय आपल्याला माहीत असतं की आज लक्ष्मीपूजन आहे. तिला कोण सांगणार? तिच्या लेखी आकाश फुटतंय, एवढंच.

श्लोकातल्या 'लोक' शब्दात मांजर येतं का, असं कोणी विचारेल. दोनच श्लोक मागे जा. तेराव्यात भगवंत सर्व भूतांविषयी बोलून गेलेत, माणसांपुरतं नाही. आणि माउलींनी या पंधराव्या श्लोकाला दृष्टांतच प्राण्यांचा दिलाय. समुद्र केवढा उसळतो, गाजतो, पण त्यातल्या जलचरांना त्याचं भय वाटत नाही, आणि जलचरांच्या गर्दीचा समुद्राला वीट येत नाही. मला हा दृष्टांत फार आवडतो, कारण यात समुद्राला गप्प बसवलेलं नाही. आनंद करा, जोरात करा. फक्त तुमच्या आत जे राहतात त्यांना त्याची भीती वाटू नये.

आता खरा मुद्दा. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी या दिवसांत एकच वाक्य येतं, "नियम फक्त आपल्याच सणाला का?" हे वाक्य मी हसण्यावारी नेत नाही. सण आपला आहे, मलाही प्रिय आहे, आणि बाहेरचा कोणीतरी येऊन शिकवतो तेव्हा मलाही लागतं. पण आपल्या घरचं काय म्हणतं ते तरी बघू. दिवाळी आज सुरू झाली, ती गाय-वासराच्या पूजेने. म्हणजे सणाचं दारच एका आईने आणि तिच्या पिल्लाने उघडलंय. षष्ठीदेवीचं वाहन तर मांजरच. दारूकामाचं म्हणाल, तर पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी भारतातल्या आतषबाजीचा इतिहास लिहिला, तो सुरू होतो इ. स. १४०० पासून. पणती त्याच्या कितीतरी आधीची.

गेल्या वर्षी खालच्या मजल्यावरचे काका मला म्हणाले, "अरे, वर्षातून एकदा तर असतं. नातू आलाय नागपूरहून." मी म्हटलं, "काका, नातवाला नाही कोण म्हणतंय? भुईनळे, फुलबाजे मीही आणलेत. फक्त पार्किंगकडे नको, तिथे मांजरीची पिल्लं आहेत. आणि दहाच्या आत आवरू." काका थोडे गप्प राहिले, मग नातवाला घेऊन पुढच्या गेटपाशी गेले. दुसऱ्या विंगमधल्या पोरांनी मात्र साडेअकरापर्यंत लडी लावल्या. तेव्हा श्लोकाचा दुसरा अर्धा भाग माझ्यासमोर आला, आणि तो जड आहे. दिवाणाखाली थरथरणारं मांजर बघत त्या पोरांविषयी मनात विष न ठेवणं. नामाची माळ हातात होती. तरी सोपं नव्हतं.

कीर्तनात प्रल्हादाची एक गोष्ट सांगतात. भागवतात ती नाही, तिथे त्याला नारदांचा उपदेश गर्भातच झालाय. कुंभारणीचा आवा पेटला आणि मग तिच्या लक्षात आलं की एका मडक्यात मांजरीची पिल्लं होती. ती हरीला हाका मारत बसली. आवा उघडला तर पिल्लं जिवंत. ते बघून बाळ प्रल्हादाचा विश्वास बसला. पण ती कुंभारीण मला महत्त्वाची वाटते. धर्मकथेत, आगीच्या बाहेर उभी राहून कोणीतरी मांजराच्या पिल्लांसाठी रडतंय.

आपल्या हातात हाका मारण्याआधीचंही बरंच आहे. संध्याकाळ व्हायच्या आत खायला घाला, खिडक्या-पडदे लावा, बाल्कनी बंद. कपाटाचा खालचा कप्पा उघडा ठेवून त्यात तुमचा वापरलेला टीशर्ट टाका, पाणी आणि लिटर बॉक्स जवळ. लपलेल्या मांजराला ओढून बाहेर काढू नका, कुशीत दाबूनही नका. मांजरीचं पिल्लू आईच्या तोंडात निवांत लोंबकळतं, शरणागतीसाठी मार्जारकिशोर न्याय सांगतात तो यावरूनच, पण ते आईच्या तोंडात. घाबरलेल्या मोठ्या मांजराला लपणं हाच आधार असतो. तुम्ही जवळ जमिनीवर बसा, हळू आवाजात हरिपाठ म्हणा. आपलं औषध देऊ नका, पॅरासिटामॉल तर मांजराला विषच. फार घाबरणारं असेल तर आजच डॉक्टरांशी बोला, आणि दिवसभर काहीच खाल्लं नाही तर थांबू नका. गाडी काढताना बॉनेटवर दोन थापा मारा, रस्त्यावरची मांजरं आत शिरून बसतात.

मी गुंडीचा कप्पा कालच तयार केला. ती आत्ता त्यात झोपली आहे, अजून बाहेर शांत आहे. उद्या सोळावा श्लोक बघू.

राम कृष्ण हरी.