रंगाचा भास आणि व्यवहारातील कपट

घरातील मुलगा अथवा मुलगी चित्रकलेकडे वळली की पालकांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो : हे जायज आहे काय? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सजीवांच्या प्रतिमा घडविणाऱ्यांना कठोर इशारा दिला आहे. मात्र चित्रांवर पोट असलेल्या एका माणसाला ह. इब्ने अब्बास (र.) यांनी झाडे व निर्जीव वस्तू रंगविण्याची वाट दाखविली, हेही हदीसग्रंथांत नोंदलेले आहे. केवळ रंग आणि आकार असलेल्या अमूर्त चित्राला ही वाट मोकळी आहे.

तरीही एक शंका उरते. नागपुरात १९२४ साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. त्यांच्या उत्तरकाळातील चित्रांत माणूस नाही, प्राणी नाही. रोलर आणि पॅलेट नाइफ यांनी चढविलेले रंगाचे थर आहेत. तरी सपाट कॅनव्हासमध्ये डोहासारखी खोली भासते. जे नाही ते दाखविणे, हा खोटेपणा नव्हे काय?

याचे उत्तर बाजारातील एका प्रसंगात आहे. प्रेषितांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. लोकांना दिसावे म्हणून ओले धान्य वर का ठेवले नाही, असे विचारून त्यांनी फसविणाऱ्याशी आपले नाते नाकारले. धान्य भिजणे हा गुन्हा नव्हता. लपविणे हा गुन्हा होता.

लासलगावच्या लिलावात उभे राहणाऱ्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ट्रॉलीत वर निवडक माल आणि खाली गोल्टी व सडका कांदा, हे कपट आहे; कारण त्यात दुसऱ्याचे नुकसान दडलेले असते. चित्रकार काही दडवीत नाही. जवळ जा, रंगाचे थर उघड दिसतात. भास तेथे आहे, फसवणूक नाही.

भय बाळगावे असा भास निराळाच आहे. सूरह नूरमध्ये श्रद्धाहीनांच्या कर्मांना मृगजळाची उपमा दिली आहे : तहानलेला पाणी समजून धावतो आणि तेथे काहीच नसते. लोकांनी पाहावे म्हणून केलेली नमाज आणि नावासाठी दिलेला सदका यांचीही गत याहून फारशी वेगळी नाही.

म्हणून पालकहो, मुलांना नमाजेची वेळ आणि नियतीची शुद्धता अवश्य शिकवा. परंतु त्यांच्या रंगांवर बोट ठेवण्यापूर्वी आपण आपल्या ढिगात हात घालून पाहू या. अल्लाह आपणा सर्वांना आतबाहेर एक राहण्याची तौफीक देवो. आमीन.