दुसरी गिटार

माझ्या भाच्याची गिटार गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात गेली. ‘गेली’ हा शब्द त्याचाच. ती चोरीला गेली नाही की फुटली नाही. अठरा वर्षे इमानाने वाजली आणि एक दिवस तिची मान पिळवटली. मान म्हणजे तारांखालची ती लांब पट्टी, जिच्यावर डाव्या हाताची बोटे फिरतात. लाकूडच ते. दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते, आणि तारांचा ताण तर रात्रंदिवस चालूच असतो. कारागिराने तिला बंदुकीचा नेम धरावा तशी डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटून लांबवर पाहिले आणि मुकाट्याने खाली ठेवली. मानेतली लोखंडी सळई फिरवून वाक काढता येतो, पीळ काढता येत नाही, असे तो म्हणाला. मान नवी बसवावी, तर ती सरसाने पक्की जोडलेली. त्या खर्चात नवी गिटार येते.

“मामा, तुम्ही चला ना बरोबर,” भाचा म्हणाला.

मला गिटारमधले ओ की ठो कळत नाही. शाळेतली पेटी सोडली तर कुठल्याच वाद्याला मी हात लावलेला नाही. पण घरात नवी वस्तू आणायची म्हणजे वडीलधारे माणूस बरोबर हवे, ही आमच्याकडची रीत. मुलगी पाहायला जाताना नाही का, ज्याला काहीच कळत नाही असा एक मामा बरोबर असतोच!

मुंबईला धोबी तलावाजवळच्या एका दुकानात आम्ही सकाळी शिरलो. भिंतभर गिटारी टांगलेल्या. भाचा एकेक उतरवून घेई, मांडीवर ठेवी, तारा जुळवी आणि तोच एक चार सुरांचा तुकडा वाजवी. मग मान हलवून परत देई. हिचा आवाज गोड आहे, पण ‘तिच्यासारखा’ नाही. ही हाताला बरी लागते, पण ‘तिची’ मान थोडी जाड होती. दहा गिटारी झाल्या, बारा झाल्या. दुकानातला म्हातारा विक्रेता गोव्याकडचा असावा. तो स्टुलावर बसून शांतपणे पाहात होता. शेवटी म्हणाला, “पोरा, तास होऊन गेला. एक आख्खं गाणं वाजवलं नाहीस तू.”

आम्ही रिकाम्या हाताने परतलो. गाडीत भाचा खिडकीबाहेर पाहात बसला. मीही अस्वस्थ होतो, पण माझी अस्वस्थता वेगळी होती. दुकानात बसल्यापासून मी नकळत त्या भिंतीवरच्या गिटारींची बाजू घेऊ लागलो होतो. त्या बिचाऱ्यांना आपण काय आहो हे सांगण्याची संधीच मिळत नव्हती. त्यांना एकच प्रश्न विचारला जात होता: तू ‘ती’ आहेस का? आणि त्याचे उत्तर ‘नाही’ हेच येणार होते.

जुन्याशी इमान राखावे, असे आपल्याला लहानपणापासून शिकवतात. मीही वर्गात शिकवतो. पण जुन्याच्या जागी जे नवे येते त्याच्याशी कसे वागावे, याबद्दल आपण फारसे बोलत नाही. बदली होऊन मी एका शाळेत रुजू झालो, तेव्हा पहिले सहा महिने मुले मला सांगत, “आधीच्या बाई असं नव्हत्या शिकवत.” त्यांचे काही चुकत नव्हते. तरी रोज घरी येताना मला आपण कुणाचा तरी अंगरखा घालून हिंडतो आहो असे वाटे.

कोणी म्हणेल, मास्तर, माणसाचे सोडा, गिटारला कसला आला आहे न्याय? तारा लोखंडाच्या. खाली लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार थरथरली की वेढ्यांत बारीकशी वीज जागी होते आणि भोंग्यातून सूर होऊन बाहेर पडते. यात जीव कुठे आहे? ज्या लिओ फेंडरची स्ट्रॅटोकास्टर ही गिटार १९५४ साली बाजारात आली, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. त्याने मान सरसाने न चिकटवता चक्क स्क्रूने आवळली. का? तर खराब झाली की काढून दुसरी लावता यावी म्हणून. करणाऱ्यानेच तिच्या बदलण्याची सोय जन्मतः करून ठेवली होती.

या सोयीतून पुढे मोठी गंमत झाली. एरिक क्लॅप्टनने १९७० च्या सुमारास नॅशव्हिलच्या एका दुकानातून जुन्या स्ट्रॅटोकास्टर गिटारी स्वस्तात उचलल्या. काही मित्रांना वाटल्या, त्यांत एक जॉर्ज हॅरिसनला, आणि उरलेल्यांचे उत्तम भाग जुळवून स्वतःसाठी एक काळी गिटार उभी केली. एकीचे धड, दुसरीची मान. ‘ब्लॅकी’ या नावाने ती जगभर गाजली. मान फार झिजली तेव्हा १९८५ च्या सुमारास त्याने तिला विश्रांती दिली, आणि २००४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ती ९,५९,५०० डॉलरला गेली. पैसे त्याने व्यसनमुक्तीच्या केंद्राला दिले. नागसेन भिक्षूने मिलिंद राजाला विचारलेच होते: रथ म्हणजे चाके का? आस का? जू का? राजाला प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणावे लागले. ब्लॅकी पाहून नागसेनाला बरे वाटले असते.

दुसरी गंमत मला भाच्याने दाखवली, आणि तिचा मला थोडा रागही आला. १९९५ पासून फेंडर कंपनी नव्याकोऱ्या गिटारी मुद्दाम जुन्या करून विकते. रंग खरवडलेला, कडा झिजवलेल्या, धातूवर गंज आणलेला. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी वीस वर्षांच्या मैफिली आपण पैसे मोजून अंगावर घ्यायच्या! भाच्याच्या मनात तशीच एक घ्यायची होती. मी म्हणालो, “अरे, ओरखडे तरी स्वतःचे असू देत.”

पण त्याच्या मनातला ‘तिचा’ आवाज तरी कुठे होता? मी त्याला घरी जुनी गिटार वाजवायला लावली. मान पिळवटली तरी थोडी वाजत होती. तेव्हा कळले की, दुसऱ्या तारेवर अकराव्या पडद्याशी ती पहिल्यापासून खरखरायची. हा अठरा वर्षे तो पडदा टाळत आला होता. तिथला सूर तो शेजारच्या तारेवर, हात वर सरकवून काढी, आणि त्या सरकण्यात एक लहानशी मींड येई. ऐकणारे त्या मींडीवर खूश! म्हणजे जो आवाज तो बाजारात शोधत होता, त्याचा निम्मा भाग जुन्या गिटारच्या दोषातून त्याच्याच बोटांत उतरला होता.

इथे मला बी. बी. किंगची गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कन्सॉ राज्यातल्या ट्विस्ट या गावी तो एका नाचघरात वाजवीत होता. ऊब यावी म्हणून मध्यभागी पिंपात रॉकेल पेटवलेले. दोन माणसांची मारामारी जुंपली, पिंप कलंडले आणि घराने पेट घेतला. किंग सगळ्यांबरोबर बाहेर पळाला. बाहेर आल्यावर त्याच्या ध्यानात आले की गिटार आत राहिली. तीसेक डॉलरच्या त्या लाकडासाठी तो आगीत परत शिरला आणि कसाबसा जिवंत बाहेर आला. दोघे जण त्या आगीत मेले. दुसऱ्या दिवशी कळले की भांडण तिथे काम करणाऱ्या ल्यूसिल नावाच्या बाईवरून झाले. असला वेडेपणा पुन्हा करायचा नाही याची आठवण म्हणून त्याने गिटारचे नाव ल्यूसिल ठेवले. ती गेल्यावर दुसरी आली, तीही ल्यूसिल. तिसरीही ल्यूसिल. २०१५ साली तो वारला तोपर्यंत त्याच्या हाती आलेली प्रत्येक गिटार ल्यूसिलच होती.

प्रथम ऐकले तेव्हा मला हे आवडले नाही. प्रत्येक नवीच्या कपाळावर जुनीचे नाव! पण पुढचा तपशील कळला आणि माझे मत बदलले. त्याच्या पोकळ गिटारींना वरच्या बाजूला दोन नक्षीदार भोके असत. भोंग्याचा मोठा आवाज त्यांतून आत शिरे आणि गिटार किंचाळू लागे, म्हणून तो त्यांत कापडाचे बोळे कोंबी. १९८० साली गिब्सन कंपनीने त्याच्या नावाची ल्यूसिल बनवली, तेव्हा ती भोके मुळातच नव्हती. म्हणजे नाव जुने, पण जुनीच्या दुखण्याची सक्ती नवीवर नाही. त्याने तिला आपल्या जुन्या शपथेत सामील करून घेतले. जुनीचे सोंग आणायला लावले नाही. या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात.

त्या सारख्या दिसतात हे मला ठाऊक आहे, कारण माझे नाव माझ्या थोरल्या भावाचे आहे. मी त्याला पाहिले नाही. माझ्या जन्माआधी दोन वर्षे, वयाच्या सातव्या वर्षी, तो तापाने गेला. आईने त्याचे नाव मला दिले आणि त्याचा एक निळ्या चौकडीचा सदरा ट्रंकेत ठेवला. दर दिवाळीला, पहिल्या आंघोळीनंतर, ती तो सदरा काढी, माझ्या खांद्याला लावून पाही आणि घडी घालून ठेवून देई. एके वर्षी तो बरोबर बसला. त्या दिवाळीत मी तोच घातला. आई दिवसभर मला काहीतरी खायला देत होती, आणि मला हाक मारताना तिचा आवाज निराळा येत होता. मुलांना अशा गोष्टी कळतात. त्या वर्षभर मी फार शहाण्यासारखा वागलो. एवढा, की आमच्या मास्तरांनी वडिलांकडे चौकशी केली.

पुढच्या दिवाळीला बाह्या मनगटाच्या वर राहिल्या. आईने एक बाही ओढून पाहिली, मग दुसरी ओढली. “वाढलास रे,” ती म्हणाली. ती हसली की काय झाले, मला आजही नक्की सांगता येत नाही. पण त्या उन्हाळ्यात गोधडी शिवायला घेतली तेव्हा सदऱ्याच्या चौकड्या तिच्या मधोमध होत्या, आणि ती गोधडी माझ्या अंथरुणावर आली. तिच्यात मी शांत झोपे. सदऱ्यात मला सबंध वर्ष नीट श्वास घेता आला नव्हता.

हे मी भाच्याला सांगितले नाही. त्याला फक्त विली नेल्सनची हकीकत सांगितली. १९६९ साली एका दारुड्याने पाय देऊन त्याची गिटार मोडली, तेव्हा त्याने न पाहताच साडेसातशे डॉलरची एक मार्टिन गिटार मागवली आणि मोडलेलीतला सूर उचलणारा भाग, ज्याला पिकअप म्हणतात, तेवढा तिच्यात बसवून घेतला. वाजवून वाजवून तिच्या लाकडाला भोक पडले, तरी ती त्याच्या हातून सुटली नाही.

सप्टेंबरात भाचा एकटाच मुंबईला जाऊन गिटार घेऊन आला. जुनीपेक्षा अंगाने रुंद, रंगाने वेगळी. “आख्खं गाणं वाजवून घेतली,” एवढेच म्हणाला. जुनीचा पिकअप तिच्यात बसवायचा की नाही, ते अजून ठरले नव्हते.

खंडेनवमीला ताईने पाटावर विळी, कात्री, माझे पेन आणि दोन्ही गिटारी मांडल्या, दोघींना झेंडू वाहिले. संध्याकाळी भाच्याने नवी मांडीवर घेतली. वाजवता वाजवता तो त्या जागी आला, आणि सवयीने त्याचा हात शेजारच्या तारेवर वर सरकला. तो थांबला. तेवढाच तुकडा पुन्हा घेतला, आणि या वेळी बोट दुसऱ्या तारेवर, अकराव्या पडद्याशी ठेवले. सूर स्वच्छ आला. मग त्याने तो एकदा असा आणि एकदा तसा, बराच वेळ वाजवून पाहिला. ताईने जेवायला हाक मारली तरी उठला नाही.