रितें घर आणि शून्य

शून्य आणि रितेपण यांस एकच मानण्याची खोड मनुष्यबुद्धीला जुनीच आहे. संगणकानें ती केवळ रंगवून दाखविली. मालवणच्या यांत्रिक नौकांच्या मासळीचें मासवार कोष्टक एक्सेलमध्यें मांडलें, आणि ‘आवक अमुक किलोंहून कमी असल्यास घर तांबडें व्हावें’ असें सूत्र दिलें, अशी कल्पना करूं. पावसाळी मासेमारीबंदीमुळें रितीं राहिलेलीं जून-जुलैचीं घरेंहि तांबडीं होतात. कारण तुलना करतांना सूत्र रित्या घरास शून्य समजतें. वस्तुतः जाळें टाकून हातीं कांहींच न लागणें निराळें, आणि नौका किनाऱ्यालाच बांधलेली असणें निराळें. पहिली नोंद आहे. दुसरें मौन आहे.

ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें शून्याच्या गणिताचे नियम सांगितले. त्याचें शून्य ही संख्या होती, मौन नव्हे. भाट्ट मीमांसकांनीं अनुपलब्धीस प्रमाण मानलें खरें, परंतु वस्तु असती तर दिसलीच असती, अशा स्थितींत ती न दिसली तरच. अंधारांत घट दिसला नाहीं, एवढ्यावरून तो नाहीं असें ठरत नाहीं.

उपाय सोपा आहे: ‘घर रितें असल्यास येथेंच थांबावें’ हा नियम सर्वांच्या आधीं ठेवावा. यावर कोणी म्हणेल, अशानें नोंद टाळणाऱ्यास मोकळें रान मिळेल. तर रित्या घरास निराळा रंग द्यावा. मात्र तो विचारणेचा असावा, दोषाचा नसावा. परीक्षेस न बसलेल्या विद्यार्थ्याला आपण शून्य गुण देतों, तेव्हां ‘तो कां आला नाहीं?’ हा प्रश्न विचारण्याचें आपलें कर्तव्यच आपण पुसून टाकतों.