बंदी येते, विक्री येत नाही

नोव्हेंबर २०२४ मध्ये पुण्यात कोथरूडला गायक दिलजीत दोसांझची मैफल होती. मैफलीत दारू विकली जाणार म्हणून स्थानिकांनी आणि पुढाऱ्यांनी ओरड केली आणि उत्पादन शुल्क खात्याने मद्यविक्रीची परवानगी रद्द केली. मैफल झाली, विरोध करणाऱ्यांना जिंकल्याचे समाधान मिळाले, खात्याच्या डोक्यावरचे ओझे उतरले. त्या दिवसांत परवानगी द्यावी की देऊ नये, यावर सगळे बोलले. दिलीच असती तर दारू कोणाला विकायची, एका वेळी एकाला किती, किती वाजेपर्यंत आणि तोल गेलेल्याला नाही कोणी म्हणायचे, यावर मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

आपल्याला बंदी घालता येते. दारू नीट विकण्याची सवय मात्र आपण कधी लावूनच घेतली नाही. मोठ्या कार्यक्रमांत अल्पवयीन मुलांच्या हाती पेले जातात त्याचे मूळ मला इथे दिसते. 'आजकालची पिढी' वगैरे नंतर.

महाराष्ट्रात दारूविक्री ज्या कायद्याखाली चालते त्याचे नाव अजूनही दारूबंदी कायदा असेच आहे. १९४९ साली मुंबई प्रांताने तो केला आणि पुढे बंदी ढिली झाली, तरी चौकट तीच राहिली. कागदोपत्री आजही पिणाऱ्याला परवाना लागतो. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा ५ रुपयांना, देशीसाठी २ रुपयांना, वर्षाचा १०० आणि आजन्म १००० रुपयांना. कशासाठी, तर आरोग्य राखण्यासाठी! परमिट रूममध्ये बसणाऱ्या किती जणांनी आपल्या नावाचा हा कागद डोळ्यांनी पाहिला असेल, देव जाणे. गंमत अशी की ग्राहकाचे नाव आणि वय विक्रीच्या क्षणी विचारायला लावील असा हा एकच कागद आपल्या व्यवस्थेत होता. वय तपासण्याचे आयते साधन हाताशी असताना आपण त्याचा पाच रुपयांचा उपचार करून टाकला.

बंदीची हत्यारे मात्र धारदार ठेवली. सार्वजनिक शांततेसाठी दुकाने बंद ठेवण्याचा अधिकार याच कायद्याच्या कलम १४२ ने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. गणेश विसर्जन असो की निवडणूक, ड्राय डे जाहीर होतो आणि आदल्या संध्याकाळी दुकानांपुढे रांगा लागतात. आडव्या बाटलीच्या मतदानाने गावोगावची दुकाने बंद पाडणाऱ्या बायकांना, किंवा १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी मिळवणाऱ्या चळवळीला मी नावे ठेवणार नाही. ज्या घरात रोजची मजुरी गुत्त्यावर जाते, तिथे विक्रीचे शिष्टाचार शिकवत बसणे ही चेष्टा ठरेल. पण एका रात्रीसाठी तीस-चाळीस हजार लोक तिकीट काढून मैदानात जमतात आणि सरकारच तिथे तात्पुरता परवाना देते, तेव्हा प्रश्न वेगळा असतो. तिथे गावचा गुत्ता नाही आणि नेहमीचे गिऱ्हाईकही नाही. उद्या तो काउंटरच नसतो, मग जाब कोणाला विचारणार?

त्यात आपली वयोमर्यादा. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१, कडक मद्यासाठी २५. ज्या वयात माणूस विधानसभेची निवडणूक लढवू शकतो, त्याच वयात त्याला व्हिस्कीचा पेग मिळतो. दोन्हींना सारखीच पोक्त बुद्धी लागते असे कायद्याला वाटत असावे. २०११ च्या व्यसनमुक्ती धोरणाच्या वेळी यावर बराच वाद झाला, अभिनेता इम्रान खान न्यायालयातही गेला. विनोद सोडला तरी या मर्यादेचा एक तोटा उरतोच. नोकरी करणारा, घरभाडे भरणारा चोवीस वर्षांचा तरुण आणि अकरावीतला मुलगा कडक मद्याच्या बाबतीत कायद्याने एकाच पंगतीला बसवले. विकणाऱ्याला ठाऊक असते की चोवीसवाल्याला परत पाठवले तर धंदा बसेल. तो डोळेझाक करतो, आणि डोळेझाकीची सवय एकदा लागली की ती चोवीसवर थांबत नाही, सतरावरही जाते. मे २०२४ मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले. जामिनासाठी घातलेली निबंधाची अट आणि बदललेले रक्ताचे नमुने यांवर देशभर चर्चा झाली. त्याला दारू देणाऱ्या पबचे मालक-व्यवस्थापक अटकेतही गेले. पण त्या टेबलावर पेला ठेवणाऱ्याला 'ओळखपत्र दाखव' असे म्हणण्याची सवय, मुभा आणि पाठबळ होते का, ही चर्चा दोन दिवसांत विरून गेली.

हिवाळ्यात पुण्याच्या वेशीवर झालेल्या एका संगीत महोत्सवात मी गाणे सोडून दारूच्या काउंटरजवळ बराच वेळ उभा होतो. व्यवस्था कागदावर छान होती. प्रवेशद्वारावर ओळखपत्र पाहून मनगटाला कागदी पट्टा बांधत होते: पंचविशीपुढच्यांना हिरवा, एकविशीपुढच्यांना पिवळा, बाकीच्यांना लाल. पट्टा काढला तर फाटतो, म्हणजे अदलाबदल नाही. पण आधार कार्ड फोनवरच्या फोटोत दाखवलेले चालत होते, आणि अंधारात टॉर्च धरणाऱ्या रक्षकाचे लक्ष जन्मसालापेक्षा मागून रेटणाऱ्या गर्दीकडे होते. काउंटरवर काळ्या टी-शर्टमधली चार मुले, केटरिंगच्या ठेकेदाराने दोन दिवसांपुरती आणलेली. हिरव्या पट्ट्याच्या एकाने बिअरचे चार पेले घेतले, तीन पावले बाजूला सरकला आणि त्यातले तीन लाल पट्ट्यांच्या हातात दिले. काउंटरवरच्या मुलाने ते पाहिले. मग त्याने पुढच्याची ऑर्डर घेतली. दुसरे काय करणार? मागे लोक ओरडत होते, पर्यवेक्षक पेल्यांचा हिशेब मागत होता, आणि 'तू नाही म्हणू शकतोस, आम्ही तुझ्यामागे उभे राहू' असे त्याला कोणी सांगितलेले दिसत नव्हते. पाण्याच्या बाटल्याही त्याच रांगेत, बाहेरच्या कितीतरी पट भावाने. उत्पादन शुल्काचे अधिकारी संध्याकाळी येऊन परवाना आणि साठा तपासून गेले. शुल्क चुकवलेली बाटली शोधणे हे त्यांचे काम. पेला कोणत्या रंगाच्या मनगटाकडे गेला, हे बघणे कोणाचे काम, ते त्या मैदानावर तरी कोणाला विचारावे कळेना.

हे काम शिकवता येते, याचा सर्वांत चांगला पुरावा माझ्या माहितीत स्टॉकहोमचा आहे. तिथे १९९६ मध्ये अभ्यासकांनी नटांना पार तर्र झाल्याचे सोंग घेऊन बारमध्ये बिअर मागायला पाठवले. शंभरातल्या अवघ्या पाच वेळा नकार मिळाला. मग पालिकेचे परवाना खाते, पोलीस आणि उपाहारगृहांचे मालक एका समितीत बसले. वाढप्यांना प्रशिक्षण दिले, परवान्यांवरची देखरेख कडक केली. नकाराचे प्रमाण १९९९ मध्ये ४७ टक्क्यांवर आणि २००१ मध्ये ७० टक्क्यांवर गेले, आणि त्या भागात पोलिसांकडे नोंदल्या गेलेल्या हिंसाचारात २९ टक्के घट झाली. तिथे कोणी दारू बंद केली नाही, कोणाला प्रवचनही दिले नाही. वाढप्याला नाही म्हणायला शिकवले आणि नाही न म्हणणाऱ्याच्या मालकाचा परवाना जाऊ शकतो, एवढी तजवीज केली.

याउलट गोष्ट अमेरिकेतल्या क्लीव्हलंडची. ४ जून १९७४ रोजी बेसबॉलच्या सामन्यात दहा सेंटला पेलाभर बिअर विकली. एका वेळी सहा पेले घ्यायची मुभा, आणि कितीदा रांगेत उभे राहायचे याला बंधन नाही. पंचवीस हजारांच्या जमावातले लोक शेवटी मैदानात घुसले, खेळाडूंना बॅटी घेऊन एकमेकांना वाचवावे लागले, यजमान संघाला सामना गमवावा लागला. पुढच्या महिन्यात क्लबने तोच दहा सेंटचा कार्यक्रम पुन्हा ठेवला, पण त्या भावात माणशी दोनच पेले. आपल्याकडे असे काही घडते तर दुसऱ्याच दिवशी बंदीचा आदेश निघाला असता. पेल्यांची संख्या मोजण्याची कल्पना कोणाला सुचली असती असे वाटत नाही.

आपल्या तात्पुरत्या परवान्याच्या अटींत हे सगळे घालायला नवा कायदा लागत नाही. एका पट्ट्यावर एका वेळी एकच पेला. शेवटची विक्री कार्यक्रम संपण्याच्या तासभर आधी. पाणी फुकट आणि वेगळ्या ठिकाणी. काउंटरवर उभा राहणारा प्रत्येक जण प्रशिक्षित, आणि खात्याकडे त्याचे नाव नोंदलेले. आयोजक म्हणतील, रांगा वाढतील. वाढू द्या, रांगेत उभा असलेला माणूस तेवढा वेळ पीत नसतो. खाते म्हणेल, माणसे नाहीत. जून २०२५ मध्ये मद्यावरचे शुल्क वाढवताना सरकारने वर्षाला १४,००० कोटी रुपये जादा येतील असा हिशेब मांडला होता. त्यातून मैदानावर साध्या वेशातले चार निरीक्षक उभे करणे परवडायला हरकत नाही.

खरी पंचाईत वेगळीच आहे. त्याच महोत्सवात एक गृहस्थ सोळा-सतरा वर्षांच्या लेकीबरोबर आले होते. स्वतःच्या पट्ट्यावर त्यांनी दोन बिअर घेतल्या आणि एक तिच्या हातात दिली. बाहेर चोरून पिण्यापेक्षा आपल्यासमोर घोटभर घेतलेली बरी, असे ते शेजारच्या मित्राला हसत सांगत होते. हा युक्तिवाद मी चांगल्या सुशिक्षित घरांतून अनेकदा ऐकला आहे. बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम ७७ सांगते की डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय मुलाला मादक पेय देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. 'देणारा' कोण, याला त्यात अपवाद नाही; बापालाही नाही. वेळ येते तेव्हा हे कलम विक्रेत्यावर लावतात, घरच्यांवर लावल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. आणि त्या गृहस्थांना हटकायचे कोणी? दोन दिवसांच्या रोजंदारीवर आलेल्या, बहुधा त्या मुलीपेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठ्या असलेल्या काउंटरवरच्या पोराने? त्याने हटकलेच असते तर गृहस्थांनी आधी त्याच्या मॅनेजरला बोलावले असते, आणि मॅनेजर कोणाच्या बाजूने बोलला असता याबद्दल मला तरी शंका नाही.