शूराच्या कोणत्या कृत्याचा मान करावा?

युद्ध पाप आहे असे जो मनापासून मानतो त्याने युद्धात पडलेल्यांच्या स्मारकापुढे मस्तक लववावे की नाही, असा प्रश्न आमच्या मंडळ्यांतील तरुण वेळोवेळी करीत असतात. नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्यांस तो टाळता येण्याजोगा नाही. देवळालीस तोफखान्याची शाळा आहे, नाशिक रोड कॅम्पात तोफखान्याचे केंद्र आहे, आणि तेथेच तोफखान्याचे संग्रहालय आहे. आम्ही ते पाहिले आहे. जुन्या तोफांपुढे उभे राहिले असता एक गोष्ट मनात भरते, ती ही की लोखंड टिकते आणि माणूस टिकत नाही. म्हणून अशा ठिकाणी तोफ डोळ्यांनी पाहावयाची व गोलंदाज मनाने उभा करावयाचा असतो. जो हे दुसरे काम करीत नाही त्याने केवळ लोहाराची कारागिरी पाहिली असे आम्ही समजतो.

गोलंदाज उभा करावयाचा तर हवालदार उमराव सिंग यांचा करावा. १९४४ च्या डिसेंबरात ब्रह्मदेशातील कलादान खोऱ्यात त्यांच्या तोफेवर शत्रू चालून आला. दारूगोळा संपला तेव्हा त्यांनी तोफेची लोखंडी पहार उचलली. पुढे ते बेशुद्ध सापडले. अंगावर सात जखमा होत्या आणि भोवती दहा प्रेते होती. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही हकीकत ऐकून छाती फुगते हे खरे. परंतु त्या दहा जणांसही आया होत्या हे मनात येताच ती तशी फुगलेली राहत नाही.

याहून विचार करावयास लावणारी हकीकत आमच्या शेजारची आहे. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील निमज गावचे नामदेव जाधव हे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत शिपाई होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदी ओलांडीत असता त्यांच्या कंपनीवर तीन मशीनगनांचा मारा झाला. जाधवांनी एका जखमीस उचलले आणि खोल पाणी, उभा काठ व सुरुंग पेरलेली जमीन ओलांडून सुरक्षित जागी नेले. मग परत जाऊन दुसऱ्या जखमीस आणले. एवढे झाल्यावर ते पुन्हा गेले, आणि या खेपेस मेलेल्या सोबत्यांचा सूड घेण्यासाठी. त्यांनी तिन्ही ठाणी बंद पाडली. ते जिवंत घरी आले आणि १९८४ साली वारले.

आता सांगा, मान कोणत्या खेपेचा? एका तरुण मित्राने आम्हांस म्हटले की पहिल्या दोहोंचा करावा व तिसरी सोडून द्यावी. हे उत्तर ऐकावयास गोड आहे, पण खरे नाही. त्या मशीनगना चालू असत्या तर मागून येणाऱ्यांपैकी किती जण पाण्यातच राहिले असते? तिसऱ्या खेपेनेही प्राण वाचले; ते घेऊन वाचले, इतकेच. आमचे मत असे आहे की मान माणसाचा करावा, आणि तिसरी खेप त्याच्यावर आली याचा शोक करावा. दाविदाच्या तीन वीरांनी जीव धोक्यात घालून बेथलेहेमच्या विहिरीचे पाणी आणले, तेव्हा त्याने ते प्याले नाही, भूमीवर ओतले. त्या पाण्यात त्याला त्यांचे रक्त दिसले. वीरांचा मान त्याने कमी केला असे कोणी म्हणेल काय?

कोणी म्हणतात, ते पगारासाठी गेले, परक्या राजासाठी लढले, त्यांचे कौतुक कशाला? पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी लोक समुद्रापार गेले व सुमारे ७४,००० मेले. पोटासाठी गेले असतील. पोटासाठी जाणे हा गुन्हा नव्हे. लाज वाटावयाची तर त्यांस पाठविणाऱ्यांस वाटावी. १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली आणि १९२१ साली मोडली. गरज सरो वैद्य मरो! महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ उजाडावे लागले.

कित्येक गावांत त्या युद्धाचा दगड आहे. या गावातून इतके गेले, पैकी इतके मेले, एवढेच त्यावर कोरलेले असते. साताऱ्याकडील अपशिंगे गावचे ४६ जण मेले. इराकात बसऱ्याच्या स्मारकावर तर इंग्रजांची नावे कोरली आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणवार संख्या! थडगी सांभाळणाऱ्या कमिशनने या भेदाबद्दल एप्रिल २०२१ मध्ये जाहीर क्षमा मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली हे बरे झाले.

मात्र संख्या लिहिणाऱ्या त्याच सरकारने त्या युद्धातील पदकाच्या कडेवर प्रत्येक शिपायाचा नंबर, नाव व पलटण कोरली होती. आमच्या खेड्यांतील काही ट्रंकांच्या तळाशी अशी पदके अजून असतील. लढवय्यांचे पदक चांदीचे होते. दुष्काळात कोणी ते सोनाराकडे नेऊन मोडले असेल, तर त्यास आम्ही दोष देणार नाही. ज्यांच्या घरी ते उरले आहे त्यांनी भिंगाने कडेवरील अक्षरे वाचावी व आपल्या पाळकास कळवावी.